कळंगुटचा जागर

नरखेड तालुक्यातून समुद्र दिसत नाही, हे सांगावयास व्याख्यात्याची गरज नाही. तथापि नकाशा पुढे पसरला म्हणजे एक गंमत ध्यानात येते. नरखेड स्टेशनावर इटारसीकडील गाडी धरली की पांढुर्णा मागे पडते आणि पुढे मुलताई लागते. तेथे तापीचा उगम. ती पश्चिमेकडे वळते, खानदेश ओलांडते आणि सुरतेपलीकडे अरबी समुद्रास मिळते. त्याच मुलताईच्या पठारी डोंगरात आमची वर्धाही उगम पावते. परंतु ती आमच्या तालुक्याच्या शिवेवरून, मोवाड-जलालखेड्याच्या अंगाने दक्षिणेस उतरते, वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, पुढे गोदावरीत शिरते आणि पूर्वसमुद्र गाठते. म्हणजे आमच्या बाजूच्या डोंगरावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक पश्चिमेस गेला तर दुसरा पूर्वेस. दोन्ही समुद्र आमच्यापासून सारखेच दूर, आणि पाणी मात्र दोन्हीकडे जाणारे.

पाणी म्हटले की आमच्या लोकांच्या मनात पहिली आठवण उठते ती ३० जुलै १९९१ ची. त्या दिवशी वर्धेने मोवाड बुडविले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. अशा मुलखातील माणूस हौसेने पाण्यापाशी विश्रांतीस जातो, ह्याचे वडील माणसांस अजूनही नवल वाटते. आम्ही निघालो तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांनी एवढेच विचारले, ‘पाणी पाहाले एवढ्या दूर जाता?’

काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आंबिया बहाराची संत्री उतरून व्यापाऱ्याशी हिशेब पुरा झाला आणि डिसेंबरात आम्ही सातआठ जण गोव्यास निघालो. घरी सांगितले ते मंगेशी-शांतादुर्गेचे दर्शन. ते खोटे नव्हते, दर्शन झाले. परंतु गाडीत बसल्यापासून प्रत्येकाच्या मनात कळंगुट होते. शेजारचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या वास्तव्याच्या पुण्याईने कित्येक दशके दारूबंदीचा. त्या हवेत वाढलेल्या मंडळींना ‘गोव्याची रात्र’ हे शब्दच चोरून उच्चारावयाची सवय. आम्ही ती रात्र पाहिली. ती पाहून जे प्रश्न पडले त्यांच्या मागे लागून परतल्यावर पुष्कळ वाचले, आणि आज आपणापुढे मांडावयाचे आहे ते त्या वाचनातले व पाहण्यातले मिळून. मंडळींचा समज असा, आणि आमचाही होता, की कळंगुटला रात्र जागविण्याची विद्या परदेशी पाहुण्यांनी शिकविली. हा समज चुकीचा आहे. तो किनारा फार पूर्वीपासून जागत आला आहे. बदलले आहे ते कोण कोणासाठी जागतो, हे.

आधी गावाची ओळख. कळंगुट हे बार्देस तालुक्यातले. दक्षिणेस मांडवी, उत्तरेस शापोरा नदी आणि पश्चिमेस समुद्र, असा हा तालुका. सिकेरी, कांदोळी, कळंगुट, बागा अशी पुळणीची एकच सलग पट्टी आहे. कोठे एक गाव संपले व दुसरे लागले हे पाहुण्यास कळत नाही. गोवा शहर पोर्तुगीजांनी १५१० साली घेतले. बार्देस आणि साष्टी त्यांच्याकडे आले ते १५४३ साली, आदिलशाहीकडून. ह्या पट्टीच्या दक्षिण टोकास आग्वादचा किल्ला आहे. तो १६१२ साली पुरा झाला. ‘आग्वा’ म्हणजे पोर्तुगीज भाषेत पाणी. लिस्बनहून महिनोन्‌महिने खारे पाणी कापून आलेली जहाजे येथील गोड्या झऱ्यावर पिपे भरून घेत, त्यावरून हे नाव पडले. समुद्रापुढे बांधलेल्या एवढ्या मोठ्या दुर्गाला गोड्या पाण्याचे नाव मिळावे, हे आम्हा कोरडवाहू मुलखातल्यांना विशेष भावले.

मराठ्यांचा संबंध येथे आला तो धावता. १६६७ च्या नोव्हेंबरात शिवछत्रपतींच्या फौजा बार्देशात शिरल्या. १६८३ साली संभाजी महाराजांनी गोव्यास जेरीस आणले. आणि १७३९ साली, इकडे चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या सुमारास, सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देस व्यापले होते. नाव भोसले असले तरी हे आमचे नागपूरकर भोसले नव्हेत. सहलीतल्या एका मित्राने आग्वादच्या तटावर उभे राहून हा घोटाळा मोठ्या अभिमानाने केला, आणि त्यास दुरुस्त करण्यात आमची अर्धी संध्याकाळ गेली.

ह्या पट्टीतल्या एका माणसाविषयी मात्र थांबून सांगितले पाहिजे. कांदोळीस ३१ मे १७५६ रोजी जोझे कुस्तोदियो फारिया जन्मला. पंधरा वर्षांचा असता तो बापाबरोबर लिस्बनला गेला, रोममध्ये शिकून पाद्री झाला आणि पुढे पॅरिसला स्थायिक झाला. त्या काळी युरोपात मेस्मर ह्या वैद्याच्या पंथाचा बोलबाला होता. वैद्याच्या अंगी काही चुंबकशक्ती असते आणि ती रोग्यात शिरून त्यास गुंगी आणते, असे ती मंडळी मानीत. फारियाने हे नाकारले. ही निद्रा वैद्याच्या हातातून येत नसून झोपणाराच्या मनातून येते, असे त्याने प्रयोग करून दाखविले. त्या निद्रेच्या कारणांवरील त्याचा ग्रंथ १८१९ साली पॅरिसला निघाला आणि त्याच वर्षी तो वारला. संमोहनविद्येच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. फ्रेंच कादंबरीकार द्यूमा ह्याने आपल्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मध्ये एका कैदी पाद्र्यास त्याचेच नाव दिले. पणजीस जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत ह्यांनी तो घडविला व १९४५ साली तो तेथे उभा राहिला. एका बाईवर हात पसरून तिला झोपवीत असलेला असा तो दाखविला आहे. ज्या किनाऱ्यावर आज झोप म्हणून मिळत नाही, तेथल्या माणसाने झोपेवर ग्रंथ लिहावा, हा योगायोग आम्हांस अजून पुरता पचलेला नाही.

त्याच कांदोळीत, पिंतो कुटुंबाच्या आश्रयाने, १७८७ साली पोर्तुगीज सत्ता उलथविण्याचा कट शिजला. गोव्यातल्या पाद्र्यांना व लष्करी अधिकाऱ्यांना वरच्या जागा मिळत नाहीत, हे त्यामागचे मुख्य दुःख. कट फुटला आणि पंधरा जणांस देहान्त शासन झाले. रात्रीच्या गुप्त बैठका हीदेखील त्या गावाच्या रात्रीचीच एक हकीकत.

आता विश्रांतिस्थान म्हणून कळंगुट कसे पुढे आले ते पाहू. समुद्र हा मासे, मीठ आणि व्यापार ह्यांसाठी. मुद्दाम जाऊन त्यात डुंबावे ही कल्पना जगात फार जुनी नाही. इंग्लंडात रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टराने अठराव्या शतकाच्या मध्यास समुद्राचे पाणी अंगावर घेतल्याने ग्रंथींचे रोग बरे होतात असे प्रतिपादिले, आणि ब्रायटन हे कोळ्यांचे गाव बघता बघता रोग्यांचे व नंतर रंगेल लोकांचे झाले. १७८३ साली तेथे युवराज गेला. १८४१ साली लंडनहून रेल्वे पोचली. मग सारेच गेले. पोर्तुगालात लुईश राजाने १८७० पासून कास्काइश ह्या कोळीगावात समुद्रवास सुरू केला आणि दरबारी मंडळी त्याच्यामागे लागली. आधी औषध, मग दरबार, मग रेल्वे आणि अखेरीस करमणूक, हा क्रम बहुतेक सर्व समुद्रकाठच्या विश्रामनगरांचा आहे. कळंगुटही त्यास पुरते अपवाद नाही, पण तेथला रंग थोडा वेगळा.

गोव्याची राजधानी जुन्या गोव्यात असता रोगराईने ते शहर ओस पडत गेले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीस हलविला आणि १८४३ साली पणजी ही अधिकृत राजधानी झाली. हवा बदलावी ही त्या समाजाच्या हाडीमासी खिळलेली गोष्ट. त्यातूनच ‘मुदान्सा’ची चाल वाढली. मुदान्सा म्हणजे बदल. एप्रिल-मे आला, उकाडा असह्य झाला, की गावोगावची खाऊनपिऊन सुखी कुटुंबे समुद्रकाठी राहावयास जात. बार्देशातल्यांचे व पणजीकरांचे आवडते ठिकाण कळंगुट. जाणे म्हणजे बिऱ्हाडच हलविणे: गाद्या, हंडे, तांदूळ, लोणच्यांच्या बरण्या, नोकरचाकर, आजीबाई, सगळे. पणजीकडच्यांना मांडवी होडीने ओलांडून बेतीस उतरावे लागे, कारण नदीवर पूल झाला तो १९७० साली (आणि तोही १९८६ साली कोसळला). किनाऱ्यावरची घरे महिन्याच्या बोलीने भाड्याने घेत. सकाळी खाऱ्या पाण्यात स्नान, कारण त्याने त्वचेचे रोग जातात व पावसाळाभर हाडे दुखत नाहीत अशी श्रद्धा, दुपारी झोप, संध्याकाळी पुळणीवर फिरणे आणि गाठीभेटी, रात्री गाणे. मांडो हा कोकणी गीतनृत्याचा प्रकार ह्याच वर्गाच्या घरांतून फुलला. ल‌ग्नाच्या सोयरिकी ह्या महिन्यात पाहून ठेवीत. पहिला पाऊस आला की बैलगाड्या पुन्हा भरत.

ही त्या किनाऱ्यावरची पहिली पाहुणेमंडळी, आणि ती घरचीच होती हे विसरू नये. मुंबईत बोटीवर, स्वयंपाकघरात किंवा बँडमध्ये नोकरी करणारा बार्देशकरही ह्याच सुमारास गावी परते. मुंबईत त्याच्या गावाची ‘कूड’ असे. तेथे तो चार पैशांत राही. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी झाला तो गोव्यात नव्हे, मुंबईत. करमणुकीची भूक ही नोकरीच्या गावी अधिक लागते.

ह्याच ओघात एक सांगून टाकतो. आपण ज्या वसंत व्याख्यानमालेत बसलो आहोत तिची प्रथा पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली घातली. तीही उन्हाळ्यातली, तीही संध्याकाळची. एका समाजाने उन्हाळ्याच्या संध्याकाळी समुद्रावर जाऊन मांडो गायिला, दुसऱ्याने सतरंजीवर बसून व्याख्याने ऐकली. कोणाची संध्याकाळ अधिक सुखाची गेली ह्याचा निवाडा आम्ही आज येथे उभे राहून करणे धोक्याचे आहे.

मुदान्सा ही सुखवस्तूंची गोष्ट. ज्यांच्या घरांत ही मंडळी उतरत, त्या खारव्यांची, रेंदेरांची (म्हणजे माडाची सूर काढणारांची) आणि कुळवाड्यांची रात्र वेगळी होती, आणि आमच्या मते ती अधिक जुनी. कळंगुटच्या उत्तरेस, त्याच बार्देशात, शिवोली गाव आहे. तेथे नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी रात्री ‘जागर’ होतो. तिकडे ‘झागोर’ म्हणतात. गावाचा राखणदार जो झागऱ्यो, त्याच्यासाठी. त्यास हिंदूही नवस बोलतात आणि ख्रिस्तीही. तेल आणि मेणबत्त्या दोघांच्याही. मग पहाटेपर्यंत सोंगे, गाणी, घुमटाचा ताल. श्रोतेहो, हा शब्द ऐकून आम्ही चमकलो. आमच्याकडे देवीचा जागर आहे, गोंधळ आहे, सप्त्याचे भजन आहे, रात्रभर चालणारी खडी गंमत आहे. रात्र जागविणे म्हणजे काय हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. गावाने गावासाठी जागावयाचे, राखणदारास सांगावयाचे की आम्ही जागे आहोत, तूही जागा राहा. त्यात पाहणारा आणि करणारा असे दोन वर्ग नसतात. आज सोंग घेणारा उद्या समोर बसतो.

आणि हा जागर टिकला तो सहज टिकला नाही. गोव्यात धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० साली आली. मधली चार वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत ती होती. तिने १७३६ साली एक लांबलचक फर्मान काढून नवख्रिस्ती घरांतले जुने आचार एकेक करून मोजले आणि बंद केले. लग्नात ओव्या गाण्यावरही त्यात बंदी होती. बायकांनी रात्री जमून जात्याच्या चालीवर ओव्या गाव्या, ह्याचीही सत्तेला धास्ती वाटली! फर्माने कागदावर राहिली. ओव्याही राहिल्या आणि जागरही राहिला. आमच्यापैकी जे कोणी ‘गोव्यातले ख्रिस्ती म्हणजे पाश्चात्त्य’ असे एका वाक्यात उरकतात, त्यांनी शिवोलीची ही रात्र आठवावी.

विसाव्या शतकात ह्या किनाऱ्यावर आणखी एका प्रकारची जाग आली. आग्वादचा किल्ला तुरुंग झाला होता. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य ह्यांना १९४६ साली पकडून येथे अंधारकोठडीत ठेविले आणि मग पोर्तुगालात, पेनिशच्या किल्ल्यात पाठविले. १९५५ च्या सत्याग्रहातले ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये येथेच होते. त्यांची सुटका १९५७ साली झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याच किल्ल्याच्या खालच्या तटावर तेरा वर्षांनी, १९७४ साली, पंचतारांकित हॉटेल उभे राहिले, आणि वरचा तुरुंग त्यानंतरही कित्येक वर्षे चालूच होता. एकाच टेकडीच्या पोटात कैदी आणि पाहुणे, दोघांनाही समुद्र तोच.

मुक्तीनंतरच्या दहा वर्षांत कळंगुट जे बदलले ते त्यापूर्वीच्या दोनशे वर्षांत बदलले नव्हते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतले हिप्पी तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल करीत खुष्कीने भारतात येत आणि हिवाळ्यास कळंगुटच्या पुळणीवर मुक्काम ठोकीत. त्यांच्याजवळ पैसे थोडे होते. ते खारव्यांच्याच घरांत, मुदान्साच्या लोकांनी उन्हाळ्यापुरत्या घेतलेल्या त्याच खोल्यांत, हिवाळ्यास राहू लागले. घरधनिणीस वर्षाचे दुसरे भाडे मिळू लागले. पौर्णिमेस शेकोटी, वाजप, नाच. मग ह्या उघड्यावाघड्या गोऱ्यांना पाहावयास आपल्याकडच्या बसगाड्या येऊ लागल्या. हे लिहिताना हसू येते, पण हिप्पी कळंगुट सोडून उत्तरेस हणजूण, वागातोरकडे सरकले, त्याचे एक कारण आपले हे बघे पाहुणे होते. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोविएत फौजा शिरल्या आणि खुष्कीचा रस्ता बंद झाला. हणजूणचा बुधवारचा बाजार मात्र राहिला.

पुळणीवर ह्याच वर्षांत खरे भांडण चालले होते ते निराळेच. खारव्यांची मासेमारी रांपणीची. रांपण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे अजस्र जाळे. होडीने अर्धवर्तुळ करून ते टाकावयाचे आणि दोन्ही टोके पन्नास-साठ माणसांनी पुळणीवरून ओढावयाची. बांगडा-तारली जे मिळेल त्यात प्रत्येक ओढणाऱ्याचा वाटा. मुक्तीनंतर सरकारी उत्तेजनाने यांत्रिक ट्रॉलर आले आणि त्यांनी किनाऱ्यालगतचे मासे उपसून नेले. रांपणकार १९७० च्या दशकात रस्त्यावर आले. माथानी साल्ढाणा हे त्यांचे पुढारी. १९८० साली कायदा झाला आणि किनाऱ्यालगतची पट्टी ट्रॉलरांस बंद झाली. परंतु तोपर्यंत रांपणीस हात लावणारी मुले हॉटेलात हात लावू लागली होती. जाळे ओढावयास पन्नास माणसे लागतात. ती पन्नास जमेनाशी झाली की जाळे आपोआप सुकते.

पुढचा भाग आपण सर्व जाणता, म्हणून भराभर सांगतो. १९८३ साली राष्ट्रकुलाचे प्रमुख विश्रांतीस ह्याच किनाऱ्यावर आले. १९८० च्या दशकातच परदेशी प्रवाशांची भाड्याची विमाने थेट दाबोळीस उतरू लागली. ‘जागृत गोंयकरांची फौज’ ह्या नावाने काही गोमंतकीयांनी त्यास विरोध केला. १९९१ साली किनाऱ्यावरील बांधकामास आवर घालणारा केंद्राचा नियम निघाला. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि आमच्यासारख्यांस वाट मोकळी झाली. २००० साली रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये असा नियम देशभर आला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचे खनिजवाहू जहाज वादळात कांदोळीच्या पुळणीवर रुतले, आणि सुमारे बारा वर्षे तेथेच गंजत राहिले. त्याच्याकडे तोंड करून लोक सूर्यास्त पाहत.

आता आमची रात्र. दिवे लागले आणि बागेच्या रस्त्याला आम्ही लागलो. ह्या रस्त्याचे वर्णन करू नये असे वाटते. ज्यांनी पाहिला त्यांना गरज नाही आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आपल्या जत्रेचे पाळणे, लग्नाचा बँड आणि पोळ्याची गर्दी एकाच गल्लीत कोंडून पाहावी. आमच्यातील दोघे पहिल्या दाराशीच हरवले, एकजण चप्पल हरवून सापडला. काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले व आमच्या नागपुरी संत्र्यास २०१४ साली, ही माहिती आम्ही एका दुकानदारास दिली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली. खोटे कशाला सांगावे, मजा आली. मोकळेपणा होता. बायकामुली निर्धास्त हिंडत होत्या. आमच्या तालुक्याच्या गावी रात्री नऊनंतर रस्त्यावर एकट्या बाईस पाहून जी मान वळते, ती येथे वळत नव्हती. हे कळंगुटचे मोठे श्रेय आहे, आणि त्याच्या निंदकांनी ते मोजलेले आम्हांस आढळले नाही.

बाराच्या पुढे एका जागी आम्ही जेवावयास बसलो. आमचे बोलणे ऐकून पाणी देणारा पोरगा थबकला. ‘काकाजी, तुमी नागपूरकडचे काय?’ आम्ही म्हणालो, ‘नरखेडचे. तू कुठला रे बाबू?’ तो पांढुर्ण्यापलीकडच्या एका खेड्यातला निघाला. संत्र्याची बाग विहीर आटून वाळली, त्या वर्षी तो घराबाहेर पडला होता. आत भांडी घासणारे, पोळ्या लाटणारे कोण, असे विचारता त्याने बोटांवर मोजले: झारखंड, आसाम, नेपाळ, ओरिसा. ‘इथले किती?’ तो हसला. मालक जागा भाड्याने देऊन म्हापशास राहत होता. समुद्र पाहिलास का, असे आम्ही सहज विचारले. म्हणाला, ‘रोज पायतो, पहाटे चारले. दुकान बंद झाल्यावर.’

पहाटे चारला आम्हीही पुळणीवर गेलो. त्याच्या सांगण्यावरून, आणि थोडे झोप न आल्यामुळेही. वाजप बंद झाले होते. पुळणीवरच्या शॅकांतून पोरे बाकड्यांवर आडवी झाली होती. पाण्याच्या कडेस पाचसहा म्हातारे होडी ढकलीत होते. आम्ही हात लावला. संत्र्याच्या पेट्या उचलणाऱ्या हातांना होडीचे वजन फारसे वाटले नाही. एकाने कोकणीत काहीतरी म्हटले, त्यातला ‘देव बरें करूं’ एवढाच भाग कळला. ते आत गेले. कांदोळीच्या अंगास आकाश उजळू लागले तेव्हा चर्चची घंटा झाली आणि मागल्या रस्त्यावर कचऱ्याची गाडी आली.

ही आठवण आम्ही कदाचित सहलीच्या गप्पांतच ठेवली असती. परंतु ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री कळंगुटला लागून असलेल्या हडफडे गावातील एका रात्रक्लबास आग लागली आणि पंचवीस माणसे मेली. त्यांत मौजेस आलेले पाहुणे थोडे. बहुतेक तेथे काम करणारे, स्वयंपाकघरात राबणारे, दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले. वर्तमानपत्रातली ती नावांची यादी आम्ही वाचनालयात उभ्यानेच वाचली. मुदान्साच्या मंडळींनी आपली भांडी घासणारी माणसे घरून आणली होती. हिप्प्यांनी स्वतःची घासली. आमच्या सेवेस अर्धा देश तेथे भांडी घासतो आहे, आणि त्यात आमच्या शिवेपलीकडचे पोरगे आहे, हे त्या रात्री बिलाचे पैसे देताना आमच्या डोक्यात आले नव्हते. आम्ही जागत होतो ते हौसेने. तो जागत होता तो आमच्यासाठी. जागर हा शब्द अशा जागण्यास लावता येईल काय, ह्याविषयी आमच्या मंडळीत अजून एकमत नाही. शिवोलीच्या राखणदारास विचारले असते तर त्याने काय म्हटले असते कोण जाणे.

पोराचा फोन नंबर आमच्यातील एकाने त्या रात्री घेऊन ठेवला होता, संत्र्याच्या दिवसांत गावी आलास तर ये म्हणून. त्याने वाचनालयाच्या पायरीवरूनच फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुपारी पुन्हा लावला, तेव्हा बराच वेळ वाजून उचलला गेला. पोरगा होता, आता दुसऱ्या जागी कामास लागला होता, हडफड्यापासून दूर. आवाज झोपेचा. आमच्या मित्रास काय विचारावे ते सुचेना. त्याने विचारले, जेवलास काय?

‘आता झोपलो होतो, काकाजी,’ तो म्हणाला. ‘रात्री ड्युटी आहे. संध्याकाळी लावा.’